ड्रायव्हरचा मेसेज कुणाच्या खिशात?



पनवेल म्हटलं की जुन्या माणसांना वडाळे तळं आठवतं, कोकणात जाणाऱ्यांना एसटी स्टँड आठवतो आणि नव्याने घर घेणाऱ्यांना बिल्डरांच्या जाहिराती आठवतात. माझं पनवेल मात्र रस्त्यांचं आहे. मुंबईकडून येणारा, पुण्याकडे चढणारा, गोव्याकडे वळणारा आणि न्हावाशेव्याच्या बंदराकडे जाणारा. या रस्त्यांच्या गाठीवर, कळंबोलीला, आमचं ट्रान्स्पोर्टचं ऑफिस आहे. कंटेनर उचलायचा आणि पोचवायचा, एवढाच आमचा धंदा. मी त्या ऑफिसात कामकाज बघतो.

जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. २०२४-२५ या आर्थिक वर्षात या बंदरातून सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने ७३ लाख कंटेनर, हाताळले गेले. आकडा मोठा आहे, पण आमच्यासारख्यांना तो आकडा दिसत नाही. आम्हाला दिसतो एक ट्रेलर, त्याचा एक ड्रायव्हर आणि त्याच्या हातातला एक फोन. निर्यातीचा कंटेनर जहाजाच्या 'कट-ऑफ'च्या आत गेटमधून गेला नाही, तर जहाज थांबत नाही. आयातीचा कंटेनर रिकामा करून वेळेत परत दिला नाही, तर शिपिंग कंपनीचं डिटेंशन दिवसागणिक चढत जातं. थोडक्यात, आमचा धंदा चाकांवर चालतो असं लोक म्हणत असले, तरी तो निरोपांवर चालतो.

हे निरोप कसे जातात आणि कुठे अडकतात, याविषयी आज बोलायचं आहे. विषय जरा तांत्रिक आहे. मोबाइलवरचे साधे एसएमएस आणि ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून संगणकावर काम करण्याची जी व्यवस्था असते ती, अशा दोन गोष्टींची सांगड. टीम्स, स्लॅक, झोहो क्लिक ही नावं नोकरी करणाऱ्या श्रोत्यांनी ऐकली असतील. आमच्याकडे या व्यवस्थेला सगळे 'फळा' म्हणतात. कारण पूर्वी ऑफिसच्या भिंतीवर खरोखरच काळा फळा होता आणि त्यावर खडूने गाडी नंबर, कंटेनर नंबर आणि 'खाली', 'लोड', 'गेट इन' असे शेरे लिहिलेले असत.

फळ्याचं एक होतं. जो ऑफिसात येईल त्याला तो दिसायचा. मोबाइल आले आणि ही माहिती भिंतीवरून उतरून माणसांच्या खिशात गेली. एकेका क्लार्ककडे दहा-पंधरा ड्रायव्हर. ड्रायव्हर आपल्या क्लार्कला मेसेज करणार, क्लार्क पाहणार, जमलं तर दुसऱ्याला सांगणार. क्लार्क नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर पाच वर्षांचे निरोप, कुठल्या गोदामात कुणाला भेटायचं, कुठल्या वजनकाट्यावर रात्री माणूस नसतो, हे सगळं ज्ञानही गेलं. याला कुणी चोरी म्हणत नाही, आणि ती नाहीच. पण ऑफिस तेवढ्यापुरतं आंधळं होतं हे खरं.

फेब्रुवारी २०१९ मधली गोष्ट सांगतो. नाशिककडून द्राक्षांचा रीफर कंटेनर येत होता. रीफर म्हणजे थंड ठेवलेला कंटेनर. द्राक्षांसाठी आतलं तापमान शून्य अंशाच्या आसपास राखावं लागतं, आणि रस्त्यावर असताना ती वीज जेनसेट पुरवतो. रात्री एक वाजून गेल्यावर कसारा घाटाच्या अलीकडे जेनसेट बंद पडला. ड्रायव्हरने आपल्या क्लार्कला मेसेज टाकला : 'जेनसेट बंद. काय करू?' मग दोनदा फोन लावला. क्लार्क रीतसर रजा घेऊन लग्नासाठी सांगोल्याकडे गेला होता, फोन बंद. गाडीच्या दारावर रंगवलेला लँडलाइन नंबर रात्रीच्या वेळी कुलूपबंद केबिनमध्ये वाजत राहिला. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत रात्रपाळीचे दोघे जण जागे होते, आणि त्यांच्याकडे जेनसेट दुरुस्त करणाऱ्याचा नंबरही होता.

मेसेज हरवला नव्हता बरं का. एसएमएसची पद्धतच अशी, की समोरचा फोन बंद असेल तर निरोप मोबाइल कंपनीच्या केंद्रात थांबून राहतो आणि फोन सुरू झाला की पोचतो. तो सकाळी नऊला सांगोल्यात व्यवस्थित पोचला. तोवर आतलं तापमान चढलेलं होतं. माल फेकावा लागला नाही, पण परदेशात जायच्याऐवजी तो देशातल्या बाजारात गेला आणि भावातला फरक कुणी भरायचा यावर पुढे दोन महिने पत्रव्यवहार चालला. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, डिसेंबरच्या धुक्यात काढलेल्या रात्री, हे सगळं करून बागायतदाराने जो माल पिकवला होता, तो एका बंद फोनमुळे निम्म्या मोलाचा झाला. ड्रायव्हरने सांगायचं ते सांगितलं होतं. क्लार्क रजेवर होता. दोष लावायला माणूसच सापडेना, आणि मला वाटतं त्यामुळेच मालक इतके अस्वस्थ झाले.

'मग व्हॉट्सअॅप का नाही?' हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. आमच्याकडे व्हॉट्सअॅप आहे, भरपूर आहे. ग्रुपही आहेत. त्या ग्रुपवर सकाळी सहापासून सूर्योदय, फुलं आणि सुविचार यायला लागतात आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी 'टायर फुटला' असतं. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येक ड्रायव्हरचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आणि मुख्य मुद्दा म्हणजे घाटात, गोदामाच्या पत्र्याखाली, बॅटरी पाच टक्क्यांवर असताना, डेटा संपलेला असताना जी गोष्ट सगळ्यात उशिरा बंद पडते ती एसएमएस. त्याला इंटरनेट लागत नाही. फोन आणि टॉवर एकमेकांची हालहवाल विचारण्यासाठी जो संकेतांचा मार्ग वापरतात, त्याच मार्गाने तो जातो. वयस्कर ड्रायव्हरांपैकी काही जण अजून बटणांचेच फोन वापरतात. एकदा चार्ज केला की तीन दिवस बघायला नको, असं त्यांचं म्हणणं असतं. व्हॉट्सअॅपनेही २०१८ पासून धंद्यांसाठी अशी जोडणी खुली केली आहे आणि ती आम्ही नंतर घेतली. पण सुरुवात एसएमएसने केली, ती या घाटामुळे.

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. नील पॅपवर्थ नावाच्या तरुण इंजिनिअरने संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. म्हणजे गंमत पाहा, पहिला मेसेजच संगणकाकडून फोनकडे गेलेला होता. आपण आज जी जोडणी मोठी नवी म्हणून विकत घेतो, ती मुळात तिथेच होती.

आता जोडणी कशी चालते ते सोप्या भाषेत सांगतो. सगळ्या ड्रायव्हरांना एकच नंबर दिला जातो. त्या नंबरामागे कुणाचा हातातला फोन नसतो, सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा संगणक असतो. ड्रायव्हरचा मेसेज तिथे आला की तो संगणक आमच्या फळ्याला क्षणात कळवतो. फळ्याकडे यादी असते, अमुक फोन म्हणजे तमुक ड्रायव्हर, तमुक गाडी, सध्याचा कंटेनर हा. त्यामुळे फळ्यावर नुसतं 'पंक्चर' असं उमटत नाही, तर कुणाची गाडी, कुठला माल, जहाजाचा कट-ऑफ किती वाजता, हे सगळं एका ओळीत दिसतं. पाळीवर जो कोणी असेल त्याला ते दिसतं. स्लॅक या नावाचा अर्थ त्याच्या निर्मात्यांनी पुढे असा सांगितला होता, की सगळ्या संभाषणांची आणि माहितीची, हवं ते शोधता येईल अशी नोंदवही. आम्हाला नेमकी ही वही हवी होती.

या वहीचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता, तो ई-वे बिलाचा. साध्या मालाला १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते. गाडी बिघडली आणि मुदत टळत आली, तर ती वाढवून घेण्याची सोय मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच असते. बिघाडाचा निरोप वेळेवर फळ्यावर आला की पाळीवरचा मुलगा मुदत वाढवून टाकतो. निरोप खिशात राहिला, तर दंडाची तयारी ठेवायची.

हे सगळं सांगायला जितकं सरळ, तितकं करायला नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीत बंदर सुरू होतं आणि आमची निम्मी मंडळी खांदा कॉलनीत, नव्या पनवेलमध्ये, घरी बसून काम करत होती. फळा तेव्हाच आला. एसएमएस जोडायची तयारी २०२१ च्या सुरुवातीला झाली, आणि त्याच सुमारास सगळ्या देशाला 'डीएलटी' हा शब्द कळला.

आपल्याकडे नको असलेल्या जाहिरातींच्या मेसेजचा उपद्रव इतका होता, की ट्राय या नियामक संस्थेने २०११ मध्ये दिवसाला किती मेसेज पाठवायचे यावरसुद्धा मर्यादा घातली होती. त्यानंतर २०१८ मध्ये नवे नियम आले. धंद्यासाठी मेसेज पाठवणाऱ्याने आधी स्वतःची नोंदणी करायची, मग आपल्या सहा अक्षरी नावाची, आणि त्यानंतर प्रत्येक मेसेजच्या मजकुराच्या साच्याची. साच्यात गाडी नंबर, वेळ अशा बदलत्या गोष्टींसाठी मोकळ्या जागा सोडायच्या. पाठवलेला मजकूर साच्याशी जुळला नाही तर मेसेज मध्येच अडवला जातो. ८ मार्च २०२१ च्या सोमवारी ही तपासणी सुरू झाली आणि बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती आठवड्यासाठी थांबवावी लागली. श्रोत्यांपैकी कुणी त्या दिवशी तिकिटाचे पैसे भरायला बसले असतील, तर त्यांना आठवत असेल.

परदेशी कंपन्यांची माहितीपत्रकं वाचली की वाटतं, ऑफिसातला माणूस फळ्यावर काहीही टाइप करेल आणि ते ग्राहकाच्या फोनवर जाईल, तिकडून उत्तर येईल, गप्पा चालतील. अमेरिकेत साध्या दहा अंकी नंबरावरून नोंदणी करून असं करता येतं. इथे सहा अक्षरी नावाने आलेल्या मेसेजला उत्तरच देता येत नाही. म्हणजे जायचा रस्ता वेगळा आणि यायचा वेगळा. आम्हाला दोन्ही रस्ते घ्यावे लागले आणि फळ्यावर ते एकत्र आहेत असं दाखवावं लागलं. जाणाऱ्या निरोपांचे आम्ही वीसेक साचे नोंदवले. 'गाडी अमुक, गेट अमुक, वेळ अमुक, पोचल्यावर कळवा' असे. या नियमांवर व्यापारी मंडळी फार चिडतात. मी चिडत नाही. साचे बसवताना आम्हाला पहिल्यांदा विचार करावा लागला, की आपण ड्रायव्हरला नक्की सांगतो काय. निम्मे निरोप 'कुठे पोचलास?' एवढेच होते, आणि ते काढून टाकले तरी काही बिघडलं नाही.

साचे मराठीत करायचे ठरवलं आणि नवीनच हिशेब समोर आला. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला सात बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट, म्हणून ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. 'स्त्री' हे डोळ्यांना एक अक्षर दिसतं, मेसेजमध्ये ते सहा जागा घेतं. 'ट्रेलर' सुद्धा सहा. लांब मजकूर झाला की एकाचे दोन-तीन मेसेज होतात आणि पैसे तितक्यांदा जातात. १९८० च्या दशकात युरोपात बसून ज्यांनी १६० चा आकडा ठरवला, त्यांच्या डोळ्यांसमोर आपली बाराखडी असण्याचं कारण नव्हतं. तक्रार नाही, पण मराठीतून कारभार करा असं सांगणाऱ्यांनी हे बिलही एकदा पाहावं. आम्ही शेवटी जोडाक्षरं टाळून साचे लिहिले. 'गाडी गेटवर पोचली का? कळवा.' एवढ्याला २६ जागा लागतात. आमच्या ऑफिसातलं मराठी यामुळे सुधारलं, असं मी गमतीने म्हणतो, पण त्यात तथ्य आहे.

येणाऱ्या निरोपांना साचा नसतो. आमचे ड्रायव्हर बीडचे आहेत, साताऱ्याचे आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत. बहुतेक जण इंग्रजी लिपीत लिहितात आणि भाषा तिन्ही-चारही मिसळलेल्या. त्यात 'कल' हा शब्द म्हणजे खड्डाच. मराठी माणसाने लिहिला तर तो 'काल' असतो. हिंदी भाषकाने लिहिला तर काल किंवा उद्या, दोन्ही. 'कल खाली' असा निरोप आला, की कंटेनर रिकामा झाला आहे की व्हायचा आहे, हे संगणकाला कळत नाही आणि नव्या पोराला तर नाहीच. यावर उपाय ड्रायव्हरांनीच काढला. 'खाली' म्हणजे झाला, आणि व्हायचा असेल तर नुसती तारीख. काही जण मेसेजही करत नाहीत, मिस्ड कॉल देतात. एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो. दमडी खर्च न करता निरोप देण्याची ही आपली देशी युक्ती. तिच्यावर उभी राहिलेली झिपडायल ही बंगळुरूची कंपनी २०१५ मध्ये ट्विटरने विकत घेतली होती. आम्ही फळ्याला मिस्ड कॉलही वाचायला शिकवलं.

यंत्राचं झालं. खरा घोळ पुढेच होता. निरोप एकाच्या खिशात होता तेव्हा निदान तो एकाची जबाबदारी होता. फळ्यावर तो अकरा जणांना दिसायला लागला आणि प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी बघेल. बारभाईंचा कारभार म्हणतात तो हा. पहिल्याच महिन्यात 'डिझेल संपत आलं' हा निरोप सगळ्यांनी पाहिला, दोघांनी त्यावर अंगठा दाखवला आणि डिझेलची सोय कुणीच केली नाही. तेव्हा नियम झाला, की अंगठा चालणार नाही. जो काम घेईल त्याने त्या निरोपावर आपलं नाव लावायचं. दहा मिनिटांत नाव लागलं नाही तर पाळीप्रमुखाचा फोन वाजतो. 'पाहिलं' आणि 'केलं' यांतलं अंतर कुठलंही यंत्र स्वतःहून मिटवत नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता आणि तो एका जुन्या ड्रायव्हरने मांडला. तो म्हणाला, ''साहेब, आधी मी भाऊला मेसेज करत होतो. आता भिंतीला करतो.'' भाऊ म्हणजे त्याचा क्लार्क. त्या भाऊला तो पोरीच्या फीसाठी उचल मागायचा, बायकोचं ऑपरेशन आहे म्हणून दोन दिवस मागायचा, कुठल्या पोलिसाने किती त्रास दिला तेही सांगायचा. सवयीने त्याने नव्या नंबरावर स्वतःच्या आजारपणाविषयी लिहिलं आणि अकरा जणांनी ते वाचलं. कुणी काही वाईट बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी हिशेबाच्या टेबलावर कुणीतरी ''साखर कशी आहे?'' असं विचारलं, आणि हा माणूस आठवडाभर कुणाशी नीट बोलला नाही.

मी या बाबतीत ड्रायव्हरच्या बाजूचा आहे. कामाचा निरोप ऑफिसचा, पण माणसाचं दुखणं ऑफिसचं नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. कुठली माहिती कशासाठी घेता ते सांगा, लागेल तेवढीच घ्या, काम झालं की काढून टाका, हा त्याचा गाभा. छोट्या ट्रान्स्पोर्टवाल्यांपैकी बऱ्याच जणांना हा कायदा आपल्याला लागू आहे असं वाटतच नाही. आम्ही त्या ड्रायव्हरच्या बोलण्यावरून आधीच एक सोय केली होती. निरोपाच्या सुरुवातीला 'घर' हा शब्द लिहिला, की तो फळ्यावर जात नाही, ड्रायव्हरने निवडलेल्या एकाच माणसाकडे जातो आणि महिन्याने पुसला जातो. 'घर' लिहून येणारे निरोप पहिल्या महिन्यात चार होते. आता रोज येतात.

आणखी एक नियम मालकांच्या मनाविरुद्ध करून घेतला. गाडी चालू असताना ड्रायव्हरकडून उत्तर मागायचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात गाडी चालवताना फोन हातात धरणं धोकादायक चालवण्यात मोडतं, हे तर आहेच. पण दर वीस मिनिटांनी ऑफिसने विचारायचं आणि वर अपघात झाला की ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं म्हणायचं, हे बरोबर नाही. गाडी कुठे आहे ते जीपीएस सांगतो. ड्रायव्हरने सांगायचं ते, जे जीपीएसला कळत नाही.

आता उलव्याला विमानतळ झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. हवाई मालाची कामं आमच्याकडे येतील असं दिसतंय, आणि विमानाचा कट-ऑफ जहाजासारखा दिवसांत मोजत नाहीत, तासांत मोजतात. त्यासाठी साचे नव्याने नोंदवायचं काम सुरू आहे. मे २०२५ पासून मेसेज पाठवणाऱ्याच्या नावापुढे पी, एस, टी, जी यांपैकी एक अक्षर लागतं, म्हणजे जाहिरात, सेवा, व्यवहार की सरकारी, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून. आमचे निरोप 'एस'मध्ये जातात. नवीन ड्रायव्हरांना ते अक्षर दाखवून ठेवतो, कारण ट्रान्स्पोर्ट ऑफिसच्या नावाने फसवे निरोपही यायला लागले आहेत. 'टोलची थकबाकी भरा, खालील लिंक दाबा' अशा थाटाचे.

गाड्यांच्या दारांवरचा जुना लँडलाइन नंबर आम्ही पुसून टाकला आहे. तिथे आता दोन नंबर आहेत. एक पाळीप्रमुखाचा, जो रात्रीही उचलला जातो. दुसरा फळ्याचा, आणि त्याच्याखाली पेंटरकडून लाल रंगात लिहून घेतलं आहे, 'फक्त मेसेज'. तरी लोक त्यावर फोन करतातच, आणि एका मिस्ड कॉलचा अर्थ आमच्याकडे 'पोचलो' असा असल्यामुळे, दिवसातून चार-पाच अनोळखी माणसं फळ्यावर सुखरूप पोचलेली दिसतात.